सुई उचलण्याआधी

अण्णांचे कान गेले हे आम्हाला गाण्यांतून कळलं, आणि फार उशिरा कळलं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं आधी पत्रक निघायचं, मग ती गोष्ट समजायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऐन तरुणपणी ते बेळगावाहून बंगळूरला आले आणि बसगाड्यांचे पत्र्याचे सांगाडे बांधणाऱ्या एका कारखान्यात, रिव्हेट मारायच्या खात्यात लागले. कारखाना येलहंक्याच्या रस्त्याला, त्याच्या पाठीशी कामगारांची वसाहत, आणि वसाहतीत आमच्या दोन खोल्या. त्यातली एक पत्रकांची. युनियनची पत्रकं अण्णाच लिहायचे. विचार मराठीत करायचे, कन्नडात उतरवायचे. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'आई'च्या पाठोपाठ मला 'अन्याय' लिहिता यायला लागला.

रिव्हेटचं काम जोडीने होतं. एकजण बाहेरून हवेवर चालणारा हातोडा धरतो. दुसरा सांगाड्याच्या आत बसतो आणि पत्र्याला पाठीमागून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक आतून चपटं होतं. अण्णा आत बसायचे. पिंपात डोकं घालावं आणि बाहेरून कुणी ते बडवावं, तसं ते काम. पण लहानपणी मला ते ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आमच्या वसाहतीत सगळेच मोठ्याने बोलतात. पाहुणा आला की त्याला वाटे, इथे भांडण चाललंय. आई म्हणायची, "आमच्या इथे नवऱ्याला गुपित सांगायचं तर आधी शेजारणीला बाजाराला पाठवावं लागतं."

अशा वसाहतीत अण्णांनी गाणं ऐकायची बैठक सुरू केली. दर रविवारी सकाळी, वसाहतीच्या हॉलमध्ये. त्यामागे त्यांचं तत्त्व होतं. ते म्हणत, पोटापुरतं मागणं ही अर्धीच मागणी आहे. उरलेली अर्धी मागायची तर जगात आणखी काय काय आहे ते आधी कळायला हवं. सुरुवातीला चावी भरायचा ग्रामोफोन होता. साठ सालच्या सुमारास विजेवर चालणारा आला आणि मोठ्या तबकड्या यायला लागल्या.

बैठकीचे नियम कडक. ज्याने तबकडी आणली त्याने तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते इतरांनी, आणि 'छान आहे' म्हणायला बंदी. पहिलं मत अण्णांनी द्यायचं. तबकडी संपली की सुईही त्यांनीच उचलायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. भाषा कन्नड, पण प्रत्येकजण आपापलं मीठ घालायचा, म्हणून ती कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांना कळत होती.

मला गाण्यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. पण मत द्यायला मी मागे राहिले नाही. गोऱ्या देशांतल्या एका मोठ्या वाद्यवृंदाची तबकडी वाजली तेव्हा मी परकरातली मुलगी होते. मी विचारलं, एवढी माणसं एका काठीच्या इशाऱ्यावर का चालतात? त्यांची युनियन नाही का? सगळे हसले, अण्णा हसले नाहीत. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले, "पण आता काठी विसर आणि मागच्या रांगेतले ऐक. तिथे मोठ्या पिपाण्या आहेत. त्या सगळा भार उचलतात आणि त्यांना कुणी टाळी देत नाही."

शेजारचे फिटर तमिळ. त्यांनी दक्षिणेकडच्या कचेरीची, म्हणजे गाण्याच्या मैफलीची, तबकडी आणली. तिच्यात एकजण मडकं वाजवतो. साधं मातीचं मडकं, पोटाशी धरून. मंचावर मडक्याला जागा मिळते, हे मला तेव्हा जगातल्या कुठल्याही क्रांतीइतकं मोठं वाटलं, आजही वाटतं. कुणीतरी कव्वाली आणली, तिच्यातल्या टाळ्यांनी हॉलच्या खिडक्या थरथरल्या. आईने नाटकातल्या पदाची जुनी तबकडी माहेरून आणली होती. तिच्यावर माझा राग होता, कारण त्यातली नायिका तीन मिनिटं वाट पाहण्यापलीकडे काहीच करत नाही.

आणि एक होती ख्यालाची. चावीच्या ग्रामोफोनच्या काळातली, इतकी जुनी की गाणं संपता संपता गाणारी बाई स्वतःचं नाव मोठ्याने सांगते. बाकीच्यांना त्याचं हसू यायचं. मला नाही आलं. बस बांधणाऱ्याचं नाव बसवर कुठे असतं? या बाईने आपल्या कामावर स्वतःच्या तोंडाने सही केली होती. अण्णांनी त्या दिवशी बैठकीत सांगितलं, "माझी मुलगी म्हणते ते लिहून ठेवा." ही तबकडी त्यांची सर्वांत आवडती. ते म्हणायचे, गाणं ऐकू नका, मागचा तंबोरा ऐका. तारेला जी बारीक झणझण आहे ना, ती.

मग हळूहळू त्यांची मतं बदलू लागली.

आमच्या कारखान्याचे फोरमनसाहेब या बैठकीत आले ते निवृत्त झाल्यावर. अँग्लो-इंडियन माणूस, व्हाइटफील्डला राहायचे. तिथून आगगाडीने शहरात, शहरातून बसने आमच्याकडे, काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली तबकडी. बहुतेक वेळा अमेरिकेतल्या काळ्या वादकांची, दणदणीत ट्रम्पेटवाली. त्या संगीतात एक माणसाएवढं उंच तंतुवाद्य असतं. ते बोटांनी खुडतात आणि ते जमिनीखालून चालल्यासारखं चालतं. अण्णा त्याच्या प्रेमात पडले. त्यानंतर त्यांना चर्चमधला मोठा बाजा आवडला, मृदंग आवडला, खर्जातले पुरुष आवडले. सनईला ते "कोरडी" म्हणाले. तंबोऱ्याच्या झणझणीबद्दल बोलायचं त्यांनी सोडून दिलं. आणि आईच्या पदाची तबकडी लागली तेव्हा म्हणाले, "ही बाई पूर्वी स्पष्ट गायची. हल्ली पुटपुटते."

तबकडीवरची बाई हल्ली कशी पुटपुटेल? हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. आई म्हणाली, तबकडी झिजली असेल. तिने ती मऊ फडक्याने पुसली, शहरातून नवी सुई आणवली. पुढच्या रविवारी अण्णांनी कान पुढे केला आणि मान हलवली. "सुईतही आता पहिल्यासारखा माल येत नाही," आई म्हणाली.

मी मात्र सुईवर थांबले नाही. मला कारण सापडलं होतं. मी कॉलेजात होते, टेबलावर मूठ आपटून बोलण्याचं वय. माझं म्हणणं असं की अण्णांची आवड पुढे गेली आहे. नाजूक सूर हे रिकाम्या वेळेचं संगीत, ठेका हे कामाचं संगीत. आयुष्यभर ठोके ऐकलेला माणूस शेवटी ठेक्याकडेच येणार. अण्णांना ते ऐकून आश्चर्य वाटलं, मग पटलं, मग इतकं पटलं की ते स्वतःच तसं बोलू लागले. मी चार पानी पत्रक लिहिलं, 'ठेका श्रमाचा'. आम्ही ते सायक्लोस्टाइल करून कारखान्याच्या गेटवर वाटलं.

फिटर ते हातात घेऊन आमच्या दारात आले. "अक्का," मला ते लहानपणापासून अक्काच म्हणत, "म्हणजे माझा मृदंग आता कायम नोकरीत आणि तुझ्या आईची नाटकवाली बाई बेकार?"

"तिला बदली कामगार म्हणून घेऊ," मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "पण बाईला नोटीस कुणी द्यायची? अण्णांना घरात जेवायचंय."

आम्ही हसलो. त्या हसण्यात अण्णाही होते, एक क्षण उशिरा. सगळे हसले की मग ते हसायचे, हेही आता आठवतं.

एका रविवारी फोरमनसाहेबांनी अभ्र्यातून वेगळीच तबकडी काढली. बासरीची. आपल्याकडची, मोठी, एक बाजू पूर्ण एकाच रागाची. नियमाप्रमाणे ते काही बोलले नाहीत. तबला होता, बासरी होती. ऐकताना मला डोंगरावरच्या थंड हवेची आठवण आली, आणि माझ्या पत्रकात ही हवा कुठे बसवायची या विचाराने मी थोडी चिडलेही. शेवटाकडे तबला थांबला. बासरी एकटीच वर वर जाऊ लागली, अगदी बारीक, पण स्पष्ट. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं.

अण्णा उठले, ग्रामोफोनपाशी गेले आणि त्यांनी सुई उचलली.

"संपली," ते म्हणाले. मग आपल्या जागेकडे वळून मत द्यायला लागले. तबलजीचा हात भारी आहे, पण बासरीवाल्याचा दम कमी पडतो, मधूनमधून गप्पच होतो.

 बैठकीत अण्णांचं मत चालू असताना मधे बोलायचं नाही, असाही नियम होता. तो आईने मोडला.

"अहो," ती म्हणाली, "ती वाजत होती."

अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुईकडे. सुई तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर नव्हती. बोटभर अलीकडे, रेघांच्या वर अधांतरी होती. पत्र्यावरचा पोचा हाताने चाचपावा तसा त्यांनी त्या जागेवर अंगठा धरला, पण टेकवला नाही.

फोरमनसाहेब पहिल्यांदाच नियम मोडून बोलले. त्यांची हिंदी तुटक होती. "अण्णा, मेरा भी गया. आपके पहले गया. इसी वास्ते मैं ट्रम्पेट लेता हूँ." ते हसले. "आज ये लाया. सोचा, किसी को तो सुनाई देगा."

 माझ्या चार पानांचं तेव्हा काय झालं ते सांगते: काही झालं नाही. मी ती फाडली नाहीत, जाळलीही नाहीत. अजून आहेत. एक आजार आमच्या घरात शिरला आणि आम्ही त्याला विचार समजून पाट दिला, त्याच्यापुढे ताट वाढलं. दुसऱ्या घरात एखाद्याने म्हटलं असतं, कानात तेल घाला. आमच्याकडे तेवढं साधं बोलायची सवयच नव्हती.

कारखान्याचे डॉक्टर वर्षातून एकदा कान तपासायचे. त्यांची पद्धत अशी: माणसाच्या पाठीशी उभं राहून घोगऱ्या आवाजात विचारायचं, "जेवलास का?" माणूस "हो" म्हणाला की कान ठीक. आणि खर्जातला "जेवलास का" सगळ्यांना ऐकू येई, अण्णांनाही. ज्याला तेही ऐकू येत नसे त्याच्या नावापुढे 'वयोमानानुसार' असं लिहून त्याला भांडारात किंवा गेटवर पाठवत. पगार कमी, ओव्हरटाइम नाही. पण अण्णांच्या बाबतीत पगार हा मुद्दा नव्हता. व्यवस्थापन त्यांच्याशी बोलायचं ते रिव्हेट खात्यातला माणूस म्हणून. भांडारात बसलेल्याला वाटाघाटीच्या टेबलावर कोण बोलावणार? त्यांनी कान कबूल केले असते तर युनियनमधली जागा गेली असती. केले नसते तर दर वर्षी आनेकलकडून नवी पोरं भरती होऊन त्या सांगाड्यांत बसत होती, ती तशीच बसत राहिली असती. अण्णांना हे दोन्ही माहीत होतं. काही आठवडे त्यांनी एकही पत्रक लिहिलं नाही. रविवारची बैठक बंद पडली.

शेवटी मीच तोंड उघडलं. "पत्रक काढू. मी लिहिते."

"कशावर?"

"तुमच्या कानांवर."

"माझे कान म्हणजे भिंत नव्हे, पत्रक डकवायला."

"तुम्हीच शिकवलंत, जे सोसतो ते सांगायचं."

"दुसऱ्याचं सांगायचं असं शिकवलं. स्वतःचं सांगणारा तक्रारखोर."

"हे कुठल्या पत्रकात लिहिलंय?"

"स्वल्प हळू," आई चुलीजवळून म्हणाली. "फिटरांकडे ऐकू जातंय."

"फिटरला?" अण्णा म्हणाले. "त्याचं खातं वेगळं, पण छप्पर एकच. त्याच्या बायकोला जाईल ऐकू. त्याला नाही."

हे ते रागाच्या भरात बोलून गेले, आणि स्वतःच्याच वाक्यावर थांबले. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला. आई माझ्याकडे पाहत राहिली. मग अण्णा म्हणाले, "येत्या रविवारी सगळ्यांना बोलाव. बायकांना आधी. डॉक्टरांनाही. त्यांना सांग, बासरी आहे."

हॉल भरला. एका बाजूला सतरंजीवर कामगार, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायका. डॉक्टर पुढच्या खुर्चीत. त्यांना संगीताची खरोखरच आवड होती, ते आले याचं मला नवल वाटलं नाही. फोरमनसाहेबांनी तबकडी दिली. अण्णा उभे राहिले.

"आज मत द्यायचं नाही," ते म्हणाले. "आज डोळे मिटायचे आणि एक हात वर करायचा. ऐकू येतंय तोवर हात वर. ऐकू येईनासं झालं की खाली. खोटं करायचं नाही, इथे व्यवस्थापन नाही." मग डॉक्टरांकडे वळून, "आहे, पण ते रसिक आहेत." थोडे लोक हसले.

त्यांनी सुई ठेवली, सतरंजीवर येऊन बसले, डोळे मिटले, हात वर केला.

मी डोळे मिटले नाहीत. कुणीतरी पाहायला हवं होतं. तबला होता तोवर सगळा हॉल हात उंचावून बसला होता, एखाद्या ठरावाला मतदान चालावं तसा. मग तबला थांबला आणि बासरी वर निघाली. रिव्हेट खात्यातले हात खाली येऊ लागले. आधी अण्णांचा. मग त्यांच्या वयाच्यांचे. मग वयाने कितीतरी लहान असलेल्यांचे, ज्यांची लग्नंही झाली नव्हती. काहींचे हात खाली येता येता घुटमळले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. पलीकडे बायकांचे हात तसेच वर होते, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या.

फिटरांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं संपलं. समोर त्यांची बायको, डोळे मिटलेली, हात वर.

"काय गं," ते म्हणाले, "अजून काय धरून ठेवलंयस?"

"बासरी," ती डोळे न उघडता म्हणाली.

एकेक पुरुष डोळे उघडत होता आणि आपल्या बायकोचा हात बघत होता.  मी पुष्कळ सभा पाहिल्या आहेत, घोषणांनी छप्पर उडवणाऱ्या. इतका मोठा आरोप मी कुठल्याही सभेत ऐकलेला नाही, आणि तो कुणी उच्चारलाही नव्हता. तबकडी खरोखरच संपली, सुई मधल्या पट्टीवर खरखरू लागली, तेव्हा बायकांनी हात खाली घेतले. डॉक्टर मात्र हात वर करूनच बसले होते. खाली घ्यायचं ते विसरले होते.

न्याय त्या हॉलमधून सरळ चालत कारखान्यात गेला, असं मी लिहिणार नाही. व्यवस्थापनाचं उत्तर आलं: घरगुती मनोरंजनाच्या कार्यक्रमाला वैद्यकीय पुरावा म्हणता येणार नाही. पण डॉक्टरांनी 'वयोमानानुसार' लिहायचं बंद केलं, आणि विशी-पंचविशीच्या मुलांच्या नावापुढे तसं लिहिता येणारही नव्हतं. शहरातल्या इस्पितळात यंत्रावर कान तपासून घ्यायची मागणी मान्य झाली. पहिला कोण जाणार, असं विचारल्यावर अण्णा उठले. आठवड्याभरात त्यांची भांडारात बदली झाली. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. कानात घालायचे मेणकापसाचे बोळे आले, पण पुढच्या वर्षी. पोरं ते वापरत नाहीत, म्हणतात जोडीदाराची हाक ऐकू येत नाही. हातोड्याचा आवाज कमी करा ही मागणी अजून मागणीच आहे.

त्या रविवारावर मी पत्रक लिहिलं. त्यात 'श्रमिक' हा शब्द एकदाही आला नाही. कुणाचा हात कधी खाली आला एवढंच लिहिलं. अण्णांनी वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि परत दिलं.

बैठक पुन्हा सुरू झाली, पण एक नियम बदलला. अण्णा आता ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसतात आणि मला विचारतात, "काय चाललंय?" मला सांगावं लागतं. हे सगळ्यांत कठीण काम आहे. 'सामान्य जनांचा हुंकार' वगैरे म्हटलं तर ते हात झटकतात. "हुंकार नको. वर गेली का खाली आली ते सांग." म्हणून मी ऐकू लागले. वाद्यवृंदात मागच्या पिपाण्या कधी थांबतात ते ऐकू लागले. आईच्या पदातली बाई वाट पाहताना प्रत्येक वेळी 'ये' वेगळं म्हणते, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि मी तिच्यावरचा राग मागे घेतला. मडकं मात्र अण्णांना स्वतःला कळतं, ते सांगावं लागत नाही.

मागच्या रविवारी त्यांनी ख्यालाची ती जुनी तबकडी मागितली. नव्या ग्रामोफोनवरही ती चालते, वेग बदलावा लागतो. त्यांनी हात पेटीवर ठेवला. मी सांगत गेले: ती खाली आहे. आता वर निघाली. मधेच थांबली, श्वास घेतला. आता जोरात.

"आणि तंबोरा?"

"आहे."

"झणझणतोय?"

"झणझणतोय."

त्यांनी मान हलवली. पेटीवरचा तळहात तसाच होता, दुसरा हात सुईजवळ येऊन थांबला होता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नाव सांगितलं का बाईंनी?"

"थांबा," मी म्हटलं. खरखर झाली, आणि मग ती आली, नेहमीसारखी ताठ, आपलं नाव सांगून गेली.

"सांगितलं," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी सुई उचलली.